उन्हाळ्याचं मीठ

पाककृतीच्या पुस्तकात पावाच्या पानावर 'मीठ चवीपुरतं' असं लिहिलेलं दिसलं की माझं टाळकं फिरतं. चवीपुरतं म्हणजे किती, बाप्पा? आणि पावात मीठ काय नुसतं चवीला असतं? वरणात मीठ विसरलं तर वरून घेता येतं, ताटात डावीकडे त्यासाठीच तर वाढतात. पावाच्या पिठात विसरलं तर काय होतं, ते ज्याच्या घरी झालं त्यालाच ठाऊक. आमच्या घरी झालं होतं, म्हणून एवढी बोलते.

माझं माहेर समुद्रपूरचं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची बेकरी होती. बेकरी म्हटल्यावर काचेची कपाटं डोळ्यांपुढे आणू नका. पुढे पत्र्याचं दुकान, मागे विटांची भट्टी आणि भट्टीच्या भिंतीला लागूनच आमच्या दोन खोल्या. हिवाळ्यात त्या भिंतीला पाठ टेकून अभ्यास करायचा आणि उन्हाळ्यात त्याच भिंतीला शिव्या द्यायच्या. पाव, टोस आणि सणासुदीला नानखटाई, एवढाच आमचा माल. त्या काळी आमच्या भागात पाव रोजच्या खाण्यातला नव्हता. कोणाला ताप आला की लोक पाव न्यायला यायचे, दुधात कुस्करून द्यायला. त्यामुळे गावात कोण आजारी आहे हे डॉक्टरच्या आधी आमच्या बाबांना कळायचं.

घरात कामाची वाटणी पक्की होती. आग बाबांची आणि मीठ आईचं. बाबा पऱ्हाट्यांनी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांनी, भट्टी पेटवायचे आणि मग बाभळीची लाकडं लावायचे. मैदा मळायचेही तेच, मोठ्या लाकडी काथवटीत, दोन्ही हातांनी, धाप लागेपर्यंत. पण मीठ मात्र ते घालत नसत. मैदा, पाणी आणि खमीर एकजीव झालं की ते बाजूला व्हायचे आणि आईला हाक मारायचे. आई पदराला हात पुसत यायची, मडक्यातलं मीठ मुठीत घ्यायची, काथवटीभर फिरवून टाकायची आणि परत जायची. मग बाबा पुन्हा मळायला घ्यायचे. हे सगळं दिवा लावायच्या आधी व्हायचं, कारण दिवेलागणीनंतर आई मिठाच्या मडक्याला हात लावत नसे. मी त्या वेळी देवापुढे वाती वळत बसलेली असायची. तिच्या मुठीत किती मीठ आहे हे बघायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि जे रोज होतं ते मुद्दाम कोण बघतं?

तर ती गोष्ट. मी शाळेत असतानाची. आई एका नात्यातल्या लग्नाला गेली होती आणि मुक्काम पडला. बाबांनी एकट्याने मैदा मळला. हाक मारायला कोणी नाही, तर मिठाची आठवण कशी येणार? हाक मारणं हीच त्यांची आठवण होती. उन्हाळ्याचे दिवस. जेवणं होतात न होतात तोच पीठ फुगून काथवटीच्या काठापर्यंत आलं. बाबा खूश, म्हणाले आज खमीर जोरात आहे. थोड्या वेळाने ते काठावरून खाली उतरायला लागलं. बाबांनी ते गोळा करून परत आत टाकलं, त्याला दटावलं, वर ओलं फडकं घातलं, फडक्यासकट ते पुन्हा बाहेर आलं. हाताला चिकटत होतं, नुसतं चिखलासारखं. सकाळपर्यंत सगळा जोर संपून मध्ये खड्डा पडला होता. त्याचेच पाव भाजले बिचाऱ्यांनी. पाव निघाले ते फिकट पिवळे, आतून नुसती भोकं आणि चवीला कागद. स्टँडवरचा चहावाला म्हणाला की आज पावाले कावीळ झाली की काय.

आई परत आल्यावर हसली नाही. तिने काथवट घासली आणि एवढंच सांगितलं, "खमीर म्हणजे मोकाट वासरू. मीठ त्याचं दावं व्हय. दावं नाई बांधलं तर थे वावर खाऊन टाकते आन् मंग पोट फुगून पडते."

पुढे मी वर्ध्याला गृहविज्ञान शिकायला गेले, नव्वदच्या दशकातली गोष्ट. होस्टेलवर राहायची आणि शनिवारच्या एसटीने घरी यायची. तिथे आमच्या बाईंनी फळ्यावर लिहून शिकवलं की यीस्ट जिवंत असतं, साखर खातं, त्यातून वायू सुटतो आणि पीठ फुगतं. मीठ यीस्टच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दमाने चालतं. मीठ नसेल तर यीस्ट सगळी साखर उधळून टाकतं आणि भाजताना कवचाला रंग यायला काही उरत नाही. शिवाय मिठामुळे पिठाला ताण येतो, नाहीतर ते सैल पडतं. मी वही मिटून बसून राहिले. कावीळ झालेला पाव डोळ्यांपुढे आला. बाईंनी आणखी सांगितलं की मीठ आणि यीस्ट एका जागी कोरडं टाकू नका, यीस्ट मरतं. आई हेच सांगायची, म्हणायची दोघांची तोंडं वेगळी ठेवा.

त्या शनिवारी मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चकित होईल. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंग मी काय वेगळं म्हणतो? (आमच्याकडे बायाही 'मी म्हणतो'च म्हणतात. होस्टेलवरच्या पुण्याच्या मुली यावरून मला फार चिडवायच्या.) पण रात्री बाबांना ताट वाढताना तिने तेच सगळं बाबांना सांगितलं, साखर उधळण्यासकट, आणि वर म्हणाली की आपली पोरगी शिकली. भिंतीपलीकडून मी ते ऐकलं. अजून ऐकू येतं.

आता मिठाची दुसरी बाजू सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे मीठ हातात देत नाहीत. कोणी मागितलं तर वाटीत घालून जमिनीवर ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. हातावर मीठ दिलं की भांडण होतं म्हणतात. पुष्कळ घरी म्हणतात आणि पुष्कळ घरी विसरतात. आई विसरत नव्हती, कारण ती एकदा विसरली होती. तिची एकच बहीण, माझी मावशी. एका लग्नघरी दोघी रांधायला बसल्या होत्या, घाई होती, मावशीने मीठ मागितलं आणि आईने तिच्या तळहातावर ठेवलं. त्याच संध्याकाळी मानपानाच्या साडीवरून दोघींचं वाजलं. साडीचा रंग कोणता होता हेसुद्धा पुढे कोणाला आठवत नव्हतं, पण मावशी आमच्याकडे यायची बंद झाली ती कायमची. दर दिवाळीत आई फराळाचा एक डबा जास्तीचा भरायची आणि भाऊबीज झाली की मुकाट्याने तो शेजारी देऊन टाकायची. आम्ही किती समजावलं की भांडण साडीचं होतं, मिठाचं नव्हतं. ती म्हणायची, साडी निमित्त.

माझं लग्न झालं आणि मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यात आले. नवऱ्याचं वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान. घरात सासूबाई, नवरा आणि मी. सासूबाई मोकळ्या स्वभावाच्या, तोंडाने फटकळ. सगळं बरं होतं. पण सकाळी जाग आली की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. खूप दिवसांनी लक्षात आलं की वास नाही. माझ्या जन्मापासून रोज सकाळी मी भाजल्या पावाच्या वासाने उठत आले होते आणि इथे मोगऱ्याची अगरबत्ती. नुसता तो वास यावा म्हणून मला रडू यायचं. नवऱ्याला सांगितलं तर त्याने दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली ब्रेडची लादी आणली. बिचारा. आता ब्रेडला वास असतो की भट्टीला, हे त्याला काय समजावणार?

तेव्हा मी ठरवलं की घरीच पाव करायचा. त्या वेळी घरोघरी तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन असायचा, वर काचेचं भिंग असलेला, लग्नात आहेर म्हणून येणारा. माझ्याही माळ्यावर एक होता. मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा पहिल्यांदा मी आईची मूठ नीट पाहिली. वात वळणं सोडून काथवटीजवळ उभी राहिले. म्हटलं, आई, माझ्या हातावर दे, मला अंदाज येऊ दे. ती एकदम मागे सरली, जणू मी जाळात हात घालायला निघाले होते. मडक्यातलं मीठ तिने वाटीत काढलं, वाटी जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, पाह्य डोळ्यांनं. वाटीतून मूठ भरून घेतली तर वाटीत मीठ उरलंच. उरलेलं किती हे पाहून घेतलेलं किती ते कसं कळावं? मी दुकानातला तराजू आणला, गृहविज्ञानवाली ना मी. पण एका संध्याकाळी एक वजन, दुसऱ्या संध्याकाळी वेगळंच. विचारलं तर म्हणे, काल वारा होता. शेवटी मी डोळ्यांनी जेवढं साठवता आलं तेवढं साठवलं आणि मैदा कमी तसं मीठ कमी असा हिशेब मनात बांधून परत आले.

उन्हाळा, पावसाळा दुकानाच्या आणि घराच्या गडबडीत गेला. डिसेंबरात एकदा मोकळा वेळ मिळाला, तेव्हा मी मैदा मळला. आईसारखंच आधी खमीर, मग पीठ एकजीव झाल्यावर मीठ, दिवा लावायच्या आधी. सगळं अगदी तिच्यासारखं. पातेल्यावर फडकं घालून ओट्यावर ठेवलं. सकाळी उठून पाहते तर गोळा जसाच्या तसा. इंचभरही हलला नव्हता. बोटाने दाबलं तर पीठ परत वर आलं नाही, तसाच खड्डा. मी दुपारपर्यंत वाट पाहिली. सासूबाई दोनदा फडकं उचलून बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, बाई, हे काही आज उठत नाही, गारठ्यात मेलं. आण इकडे, रोडगे करू. आणि अंगणात गोवऱ्या पेटवून माझ्या पावाचे त्यांनी रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, वरून तूप सोडलं. घरचे बोटं चाटत जेवले. नवरा म्हणाला, तुझ्या माहेरचा पाव फार छान असतो, फक्त दाताला जरा मेहनत आहे. पुढे कित्येक वर्षं रोडगे झाले की त्या घरात त्यांना 'सूनबाईचा पाव' म्हणायचे. मी त्या दिवशी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. बेकरीशेजारच्या दुकानात फोन होता, ते आईला बोलावून आणायचे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मीठ किती टाकलं? म्हटलं, तू टाकतेस तेवढंच. ती म्हणाली, माही मूठ कधी पाह्यली होती तू? म्हटलं, मे महिन्यात, माहीत आहे ना तुला.

मग ती हसली, आणि काय हसली. "अवं माय, उन्हाळ्याचं मीठ हिवाळ्यात टाकलं तू? उन्हाळ्यात थे धावते म्हून दावं आखूड ठेवा लागते. हिवाळ्यात त्याले आधीच थंडी वाजून राह्यली, त्याले वाकळ पांघराची सोडून तू चारही पाय बांधून ठेवले."

तेव्हा मला कळलं. वर्षभर एक मीठ नव्हतंच. उन्हाळ्यात मूठ भरून, काठोकाठ. पाऊस लागला की जरा सैल. दिवाळीनंतर मूठ कमी होत जायची आणि पौषात सगळ्यांत लहान. म्हणून आमचा पाव मे महिन्यात किंचित खारट लागायचा आणि संक्रांतीला गोडसर. गिऱ्हाइकांना वाटायचं की घाम आला की जिभेला तसं लागतं. दिवेलागणीच्या आधी मीठ घालायचं हेसुद्धा किती बेताचं होतं बघा. हिवाळ्यात दिवा लवकर लागतो, म्हणजे पीठही लवकर मळलं जायचं आणि थंडीत फुगायला त्याला वेळ जास्त मिळायचा. हे तिला कोणी शिकवलं, की असंच होत गेलं, कोण जाणे. विचारायचं राहिलं.

हसणं थांबल्यावर आई फोनवर हळूच म्हणाली, "हिवाळ्याचं मीठ पाह्याचं असंल तं हिवाळ्यात येजो. तू त येतच नाई हिवाळ्यात."

येणार कशी? आमच्या भागात कापूस निघाला की कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कापूस विकून लोक वर्षाची कापडं घ्यायला येतात, मागोमाग लग्नाचे बस्ते. साड्यांच्या गादीवर मी बसायची, कारण बाया माझ्याशी मोकळेपणी बोलायच्या. पुढे मुलगी झाली, मग तिची शाळा. हिवाळा म्हणजे माझ्यासाठी गाठी सोडणं आणि घड्या घालणं. माहेरपण ते मे महिन्यात, भट्टी आणि ऊन दोन्हींत भाजून निघायचं. मी मे महिन्यात जायची आणि आई उन्हाळ्याची मूठ भरायची. दर वर्षी मी हात पुढे करायची आणि दर वर्षी ती वाटी जमिनीवर ठेवायची. तो आमचा खेळच झाला होता. मला वाटायचं खेळ आहे. तिला खरंच भीती वाटायची, हे मला फार उशिरा समजलं. बहीण तुटली तशी लेकही यायची बंद होईल, एवढ्याशा मिठापायी.

दोन हजार साल उलटल्यावर सगळं भराभर बदललं. गुळगुळीत कागदातला ब्रेड गाडीने समुद्रपुरापर्यंत यायला लागला. तो तीन दिवस मऊ राहायचा, आमचा पाव संध्याकाळी कडक व्हायचा. वर भारनियमन, पहाटेचं सगळं काम कंदिलावर. बाबा थकले होते. एका पावसाळ्यात ते गेले आणि बेकरी बंद झाली. दुकान आईने कोणाला तरी चालवायला दिलं, तिथे मोबाईलची कार्डं मिळू लागली. भट्टी मात्र तिने पाडू दिली नाही. मी तिला पिपरी मेघ्यात चल म्हणून किती विनवलं, सासूबाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. जावयाच्या घरी राहत नसतात, असं म्हणून तिने दोघींना चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग एका नोव्हेंबरात फोन आला की तिची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणेपर्यंत डिसेंबर लागला. डॉक्टरांनी सांगितलं बी.पी. आहे, मीठ बंद. हे ऐकून ती ओठाच्या एका कोपऱ्याने हसली. मी नवऱ्याला म्हटलं की या वर्षी साड्यांच्या गादीवर कोणालाही बसव. आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी हिवाळ्यात माहेरी राहिले.

तिचं बोलणं जड झालं होतं पण समजायचं. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, तोच हात, मुठीचा. मी तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, अळणी भाजी भरवायची आणि ती तोंड वाकडं करायची. एका दुपारी ती म्हणाली, पीठ मळ. मला वाटलं जीव भरकटला. पण ती काथवटीकडे बघत होती. मी वर्ध्याहून खमीर मागवलं, काथवट धुऊन उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आधी कोमट पाण्यात मळायला बसले. फार नाही, भट्टीत घालायचे दोन पत्रे भरतील एवढंच. बाबांना धाप का लागायची ते कळलं. आईला भिंतीला टेकवून जवळ बसवलं होतं. पीठ एकजीव झालं तसं माझ्या तोंडून आपसूक हाक गेली, बाबा मारायचे तशी. ती तिथे हाताच्या अंतरावर होती तरी.

मी मिठाची वाटी तिच्यापुढे जमिनीवर ठेवली. तिने डाव्या हाताने वाटी बाजूला सारली आणि मडकं मागितलं. मडक्यात हात घालून मीठ काढलं. तो हात डावा, त्याला माप माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "हात कर पुढं."

मी वाटीच पुढे केली. तिने मानेने नाही म्हटलं. मी हात पुढे केला. तिने माझ्या तळहातावर मीठ ठेवलं. बघितलं. पुन्हा चिमूटभर टाकलं. त्यातलं जरा काढून परत मडक्यात सोडलं. मग माझी बोटं एकेक करून मिटवली आणि वरून आपल्या डाव्या हाताने दाबून धरली. खड्याचं मीठ तळहाताला टोचत होतं. एवढंसंच होतं ते, मुठीत पोकळी राहावी एवढं. हिवाळ्याचं मीठ.

म्हटलं, आई, हातावर मीठ दिलं तर भांडण होते ना?

"होऊ दे," ती म्हणाली. "भांडाले तरी येशील."

मी मीठ काथवटीत टाकलं आणि मान खाली घालून मळत बसले. नाहीतर त्या पिठात आणखी मीठ गेलं असतं. मग उठून दिवा लावला.

पिठावर फडकं आणि वर बाबांची जुनी वाकळ घातली. पहाटे फडकं उचललं तर पीठ काठापर्यंत आलं होतं, बोटाने दाबलं की सावकाश परत यायचं. शेजारून पऱ्हाट्या आणल्या, भट्टी पेटवली. इतक्या वर्षांनी ती धूर ओकली, मी खोकून खोकून हैराण झाले. पण पाव निघाले. काही एका बाजूने जळाले, बाकीचे तांबूस, बाबांचे असायचे तसेच. आणि वास. गल्लीतले लोक उठून बाहेर आले आणि एक म्हातारा चक्क पैसे घेऊन पाव मागायला आला.

आईला चहात बुडवून एक तुकडा भरवला. डॉक्टरांना काय कळतंय, म्हटलं. तिने सावकाश चावला, गिळला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली की मीठ जरासं कमी झालं. मी तडकलेच. म्हटलं, म्हणजे काय? तूच दिलं ना मोजून, माझ्या हातात? ती म्हणाली तू काथवटीच्या बाहेर सांडलं असशील. मी म्हटलं एक खडासुद्धा सांडला नाही, तुझी जीभच आता मीठ विसरली. ती म्हणाली माही जीभ नको काढू. दोघी चांगल्या तणतणलो. मग ती एकदम थांबली आणि तिचा अर्धा चेहरा हसायला लागला. झालं सुरू, म्हणाली. पुढल्या हिवाळ्यात ये, कोनाचं चुकलं थे पाहू.

मी संक्रांत करून परत आले. मे महिन्यात नेहमीसारखी जाणारच होते. त्याआधीच, उन्हं तापायला लागली तेव्हा, ती गेली.

आता ओव्हन नवा आहे, यीस्ट पाकिटातून येतं, खडे मीठ मिळायला मात्र बाजारभर फिरावं लागतं. उन्हाळ्यात मी पाव करत नाही. हिवाळ्यात करते. दिवा लावायच्या आधी तळहातावर मीठ घेते, बोटं मिटते आणि दर वर्षी मोठ्याने सांगते की आई, मीठ बरोबर होतं. कमी नव्हतं. सासूबाई आतल्या खोलीतून विचारतात, कोणाशी बोलून राह्यली? मी म्हणते, कोणाशी नाही. आणि जरा थांबते, पलीकडून काही बोलणं येतं का ते बघायला. मग मीठ पिठात टाकते.